गाडी कुणी बांधली?

४ मार्च १९५१, रविवार

अ‍ॅडेलने वाढदिवसाला ही वही दिली. आमच्याच दुकानातली, दुसऱ्या मजल्यावरची, कडांना सोनेरी मुलामा असलेली. पहिल्या पानावर लिहिलंय, "लोवेल, निदान इथे तरी खरं लिहीत जा. तुझी बहीण." वाढदिवसाच्या दिवशीसुद्धा टोमणा. दोन वर्षं आधी जन्माला आली याचा हिला फार गर्व.

बरं, खरं लिहितो. सत्ताविसावं लागलं आणि मी मोजे विकतो. ब्रॉडवेवर आमचं सात मजली 'ऑस्ट्रँडर्स' आहे. आजोबांनी उभारलं, डॅडींनी वाढवलं, आणि निम्मं लॉस एंजेलिस पडदे आणि पलंगपोस तिथूनच नेतं. अ‍ॅडेल सगळ्या दुकानाची खरेदी बघते. मी पुरुषांचे मोजे आणि टाय बघतो. डॅडी म्हणतात, "तळापासून शीक." तीन वर्षं झाली, तळ काही सुटत नाही.

गेल्या रविवारी एल मिराजला गेलो होतो, कोरड्या तळ्यावर, रोडस्टरवाल्यांची पळापळ बघायला. जुनी फोर्ड घ्यायची, छप्पर आणि मडगार्ड काढून फेकायचे, इंजिन कोरून मोठं करायचं आणि एकेकट्याने घड्याळाशी शर्यत लावायची. माणसं कोण, तर दूधवाले, पंक्चरवाले, विमानाच्या कारखान्यातले कामगार. पण चालतात कशी, तर सरदार असल्यासारखी. तिथे कुणी नाव विचारत नाही, बापाचं तर त्याहून नाही. एकच प्रश्न विचारतात, "कुणी बांधली?" आणि ज्याची गाडी तो म्हणतो, "मी."

एक जण माझ्या कॅडिलॅकला फेरी मारून म्हणाला, "छान आहे, शेट. कुणी बांधली?" सगळे हसले. त्यांच्या क्लबचा सेक्रेटरी कुबिचेक, जाडजूड माणूस, कधी हसेल असं वाटत नाही, तोही हसला. आठवडा झाला, ते हसणं कानातून जात नाही. मलाही एकदा तिथे उभं राहून "मी" म्हणायचंय. बस्स, एवढंच पाहिजे.

२२ मार्च

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. आमच्या शिलाईखात्यात व्हर्ना टीग नावाची बाई आहे. आज माझी पँट आखूड करताना तोंडात टाचण्या धरूनच म्हणाली, "खिशात मोटारींचं मासिक आहे वाटतं. माझा नवराही त्यातलाच खुळा. सहा वर्षं झाली, एका फोर्डशी संसार करतोय. मी आपली पाहुणी."

संध्याकाळी बॉइल हाइट्सला तिच्या घरी गेलो. नवऱ्याचं नाव हॉइट. ओक्लाहोमाचा, बेचाळीस वर्षांचा, हडकुळा, हातांवर वेल्डिंगचे डाग. बोलतो इतकं सावकाश की मधे जांभई देऊन होते. पण गाडी बघितली आणि माझी बोलती बंद झाली. बत्तीस सालची रोडस्टर, काळीभोर, सशासारखी दबून बसलेली. तिच्यातला एक नटसुद्धा असा नाही की जो त्याने हाताने बसवला नाही.

त्यांच्या घरावरून नवा फ्रीवे जाणार आहे. घर भाड्याचं, त्यामुळे भरपाई मालकाला, यांना फक्त नोटीस. हॉइटला मेवुडला शेड घेऊन स्वतःचं गॅरेज काढायचंय. पैसा नाही. मी मनात म्हटलं, माझ्याकडे आहे.

२ एप्रिल

गाडी माझी झाली. हॉइटने मागितलं तेवढं दिलं, घासाघीस केली नाही. आम्ही ऑस्ट्रँडर आहोत.

त्याच्या दोन अटी होत्या. एक, काचेखाली पांढऱ्या अक्षरांत 'बांधणी: एच. टीग' असं लिहिलंय, ते तसंच राहू द्यायचं. दुसरी, गाडीने कधी रेकॉर्ड केलं, तर क्लबच्या कागदावर बांधणारा म्हणून त्याचं नाव घालायचं. "रेकॉर्डच्या यादीत नाव आलं की गिऱ्हाईक शोधत येतं, साहेब. गाडी गेली तरी चालेल. नाव राहिलं तर गॅरेज चालेल." गाडीखालच्या चौकटीच्या लोखंडावरही आतून त्याने ठोकून नाव काढलंय, ते खाली झोपल्याशिवाय दिसत नाही. माणसाला नावाचं फारच वेड.

मी म्हटलं, शब्द दिला. व्हर्ना म्हणाली, "लिहून द्या." हॉइट तिला म्हणाला, "अगं, ऑस्ट्रँडर आहेत ते. अख्खं गाव त्यांच्या पावतीवर विश्वास ठेवतं." मला त्याचं हे बोलणं फार आवडलं.

६ मे, रविवार

एल मिराज. गाडी घेऊन गेलो. हॉइटला शनिवार-रविवारच्या कामाला ठेवलंय, तो बरोबर होता. कुबिचेक आला, खाली वाकून बघितलं, उभा राहिला, पुन्हा वाकला. "काम आहे बुवा. कुणी बांधली?"

मी म्हटलं, "आम्ही."

हॉइट गाडीखालीच होता. बाहेर आला, हात पुसले, हत्यारं गोळा केली. परतताना मात्र विचारतो, "आम्ही म्हणजे कोण कोण, साहेब?"

"तू आणि मी. स्पार्कप्लग नाही का लावले मी?"

"चार लावलेत," तो म्हणाला. "दोन परत काढावे लागले."

कोत्या मनाची माणसं असली मोजदाद करतात.

९ जून, शनिवार

सकाळी हॉइटकडे. बैठकीसाठी चामड्याचे नमुने घेऊन गेलो होतो, उंटाच्या रंगाचं, लाल, आणि साईच्या रंगाचं. तीन तास गेले. साईचं सुंदर आहे पण मळेल. हॉइट मधे मधे इंजिनाचं सांगत होता. एका सिलिंडरला ओरखडा निघाला, तो काढायला आठही सिलिंडर जास्त कोरावे लागले, आता इंजिन तीनशे पंधरा घनइंच भरतं. क्लबच्या सी वर्गाची हद्द तीनशे पाच, तेव्हा गाडी आता वरच्या वर्गात, डीमध्ये धावणार. "अर्ज भराल तेव्हा डी लिहा, साहेब." मी बरं म्हटलं. निघताना पुन्हा, "डी." एकच गोष्ट दोनदा सांगायची खोड आहे त्याला.

शेवटी उंटाचा रंग पक्का केला. अ‍ॅडेलला दाखवला तर म्हणते, "मोज्यांनाही हाच रंग लाव."

१० जून

आज जाकीट मिळालं. क्लबचं, निळं, पाठीवर पंख असलेलं चाक. कुबिचेकने स्वतः खांद्यावर टाकलं. मी अंगातून काढलंच नाही, जेवायलाही तसाच बसलो. डॅडी म्हणाले, "हे आपल्या दुकानातलं नाही." आयुष्यात पहिल्यांदा अंगावर असं काही आहे की जे आमच्या दुकानातलं नाही. सांगायला लाज कशाला, खोलीत आल्यावर रडलो.

एक खोच आहे. कुबिचेक म्हणाला, "हे सध्या उसनं समज, शेट. ऑगस्टमध्ये बॉनव्हिलला, मिठाच्या मैदानावर गाडी पळव. ती तू बांधलीस याची खात्री पटली की कायमचं तुझं."

मी बांधली असं मी म्हटलं नव्हतं. त्याने तसं धरलं. मी दुरुस्त केलं नाही.

१४ जुलै

दुकानाच्या पाट्या रंगवणारा प्रुइट याच्याकडून काचेखालची अक्षरं बदलून घेतली. जुनी घासून काढली, वर सोनेरी वर्खात 'रचना व बांधणी: एल. ऑस्ट्रँडर'. प्रुइटचा हात म्हणजे हात आहे. आता गाडी उठून दिसते.

हॉइटने बघितलं. त्या जागेवरून अंगठा फिरवला, अंगठ्याला वर्ख लागला तो पँटला पुसला. म्हणाला, "शब्द दिला होतात."

मी समजावलं. रंग काय, आज आहे उद्या नाही. यादीत नाव जातं ते कागदावरून, आणि कागदावर तुझंच नाव घालणार. हे सगळं क्लबपुरतं आहे. मेवुडच्या शेडसाठी त्याने अनामत भरलीये, ऑक्टोबरपासून घ्यायचीये. शेवटी म्हणाला, "कागदावर नक्की घाला."

मला त्याचा स्वभाव आवडतो. ओढून धरत नाही.

११ ऑगस्ट

बॉनव्हिलचा अर्ज भरला. हा कागद म्हणजे डोक्याला ताप. वर्ग विचारलाय, मेमधलं एल मिराजचं कार्ड काढलं, त्यावर सी होतं, सी लिहिलं. प्रुइटला गाडीच्या कुशीवर आकडा आणि सी रंगवायला सांगितलं.

'बांधणारा' या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं. खोटं नाही सांगत, दहा मिनिटं थांबलं. पण हे अर्ज कुबिचेक स्वतः वाचतो. जाकीट जाईल. आणि विचार केला तर बांधणं म्हणजे काय? आजोबांनी ऑस्ट्रँडर्स बांधलं म्हणतात, त्यांनी काय विटा रचल्या होत्या? एल. ऑस्ट्रँडर लिहिलं. हॉइटला पुढच्या वर्षी बघू.

मदतनीस म्हणून दोनच नावं देता येतात. खेळाच्या सामानाच्या विभागातले दोघे विक्रेते घातले, सांगेन ते ऐकणारे. हॉइट असला की प्रत्येक नटाला लोक त्याच्याकडे बघतात. त्याला सांगितलं, तू येऊ नकोस, घरचं सामान बांधायचंय ना तुला, भरपगारी सुट्टी समज. थँक्यूसुद्धा म्हणाला नाही.

२८ ऑगस्ट, वेंडोव्हर, बॉनव्हिलजवळ

मीठ, मीठ आणि मीठ. डोळे उघडवत नाहीत. ओठ फुटलेत.

हॉइट आलाय. न बोलावता. स्वतःच्या खटाऱ्यातून सातशे मैल, रात्री त्यातच झोपला म्हणे. यादीत नाव नाही म्हणून दोरीच्या आत येता येत नाही, तर पलीकडून हात हलवत बसला. गाडीच्या कुशीकडे बोट दाखवायचा, मग पुन्हा हात. मला त्याची नाटकं कळतात, नावाचं दुखणं. पहारेकरी आला, "साहेब, तो म्हणतोय, तो तुमचाच माणूस आहे." मी म्हटलं, "यादीत बघा. माझा नाही." मग चिठ्ठी पाठवली. ती न वाचता खिशात टाकली. चारचौघांत त्याचं रडगाणं कोण वाचणार.

दुपारी पळवली. एकशे अठ्ठेचाळीस मैल. सी वर्गाचं जुनं रेकॉर्ड एकशे चव्वेचाळीस. गाडी आता सील लावून आवारात ठेवलीये. उद्या सकाळी उलट्या दिशेने पळवायची, दोन्हींची सरासरी धरतात.

३० ऑगस्ट

काल लिहिलं नाही. आज लिहितो.

काल सकाळी एकशे बावन्न. सरासरी एकशे पन्नास. रेकॉर्ड. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. कुबिचेकने मिठी मारली. ते अर्धा तास मी जन्मभर विसरणार नाही.

मग कुबिचेक पाना घेऊन आला. "चल, उघड." मला वाटलं बाटली उघडायची म्हणतोय. तर इथला नियम असा की रेकॉर्ड झालं की बांधणाऱ्याने सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने इंजिनाचं झाकण काढायचं आणि पंचांनी सिलिंडर मोजायचे. एका झाकणाला चोवीस नट. सगळे भोवती गोल करून उभे राहिले. त्यांचा हा सणच असतो.

पहिला नट सुटेना. जोर लावला, पाना निसटला, बोटांची सालटी निघाली. दुसऱ्याचं तेच. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कुबिचेक हळूच म्हणाला, "शेट, उलटं फिरवतोयस." माझे दोघे विक्रेते बुटांकडे बघत होते. मग त्याने तोच प्रश्न विचारला, पण यावेळी मोठ्याने नाही. "कुणी बांधली?"

मी दोरीकडे बघितलं. हॉइट तिथेच होता. मी हात केला.

तो दोरीखालून आला. माझ्या हातातून पाना घेतला. वीस मिनिटांत झाकण बाजूला, एका नटाचा आवाज नाही. लोक त्याच्या हातांकडे बघत होते आणि मला ते नकोसं झालं. पंचांनी मोजलं. पुन्हा मोजलं. तीनशे पंधरा.

कुबिचेकने अर्ज काढला. सी वर्ग, बांधणारा एल. ऑस्ट्रँडर, खाली माझी सही. म्हणाला, "मोठं इंजिन खालच्या वर्गात घुसवणं म्हणजे चोरी. इथे चोराचं नाव कायमचं जातं. बोल."

आणि माझ्या तोंडून निघालं, "मी नाही बांधली. टीगने बांधली." विचार करावाच लागला नाही.

कुबिचेक हॉइटकडे वळला. "तू बांधलीस?"

"हो. मी बांधली." चार महिने हे वाक्य तोंडात धरून बसला होता जणू, इतकं सरळ बोलला.

"तीनशे पंधरा आहे हे माहीत होतं?"

"मीच कोरलं. जूनमध्ये साहेबांना सांगितलं, डी लिहा. काल चिठ्ठीही पाठवली."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला आठवत नाही. चिठ्ठी मिळाली नाही. आणि इंजिनातलं मला काय कळतं, हे तुम्ही आत्ताच पाहिलंत." आता मात्र सगळे हसले, पण वाईट नाही, आपल्यातल्या खुळ्याला हसावं तसं. तिथेच माझी सुटका झाली.

शिक्षा त्याला. बांधणारा म्हणून पाच वर्षं बंदी, नाव क्लबच्या पत्रकात. मला समज. रचना-बांधणीची बढाई मारली म्हणून जाकीट काढून घेतलं, पण पाहुणा म्हणून यायला हरकत नाही. क्लबच्या वेळ मोजायच्या घड्याळांची दशा झालीये, ती नवी घेऊन देईन असं मी आधीच म्हणालो होतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

हॉइटने झाकण परत बसवलं. कुणी सांगितलं नव्हतं. कुबिचेक जाता जाता म्हणाला, "डीचं रेकॉर्ड एकशे सत्तेचाळीस आहे. डी लिहिलं असतंत तरी तुमचंच होतं."

हॉटेलात खिशात चिठ्ठी सापडली. 'साहेब, सी पुसून डी करा. धावायच्या आधी करता येतं. एच. टी.' बेसिनमध्ये भिजवली, शाई गेली.

३ सप्टेंबर

अ‍ॅडेलला सगळं सांगितलं, म्हणजे सांगण्यासारखं. ती अंडं सोलत होती. म्हणाली, "तुला काही कळत नाही म्हणून सुटलास. कळत असतं तर बुडाला असतास. पुढे अध्यक्ष झालास तरी हे सोडू नकोस."

"तुला माझी बाजू दिसतच नाही."

"दिसते ना. फार पातळ आहे, आरपार दिसते."

ही बाई लग्न का करत नाही, ते लोक उगाच विचारतात.

१९ सप्टेंबर

पत्रक आलं. शेवटच्या पानावर चौकटीत 'बांधणारा: एच. टीग, लॉस एंजेलिस. फसवणूक. पाच वर्षं.' अखेर त्याचं नाव छापून आलं. एल मिराजला कुबिचेक सांगत होता, की मेवुडच्या शेडवाल्याने अनामत ठेवून घेतली आणि शेड दुसऱ्याला दिली. "आता त्याच्याकडे सायकलसुद्धा कुणी नेणार नाही." वाईट वाटलं. पण रेकॉर्ड बुडालं माझं, जाकीट गेलं माझं, हे कुणी बोलत नाही.

९ ऑक्टोबर

शिलाईखात्यात पँट द्यायला गेलो तर व्हर्नाने घेतली नाही. सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "साहेब, तुमची मापं आहेत माझ्याकडे. माणूस केवढा आहे ते मला पाठ आहे."

मी आवाज चढवला नाही. मॅनेजरला एवढंच सांगितलं, की खात्यातलं वातावरण बिघडलंय. नाताळच्या तोंडावर दुसरी बाई मिळणं अवघड, असं तो कुरकुरला. संध्याकाळपर्यंत मिळाली.

१२ नोव्हेंबर

डॅडींनी मला पहिल्यांदा "शाब्बास" म्हटलं. कल्पना माझी. सहाव्या मजल्यावर खेळण्यांच्या विभागात यंदा घसरगाडीऐवजी रोडस्टर ठेवायची, तिच्यात सांताक्लॉज बसेल, आणि पोरांना मांडीवर घेऊन फोटो. अ‍ॅडेल म्हणाली, कल्पना चांगली आहे. तिच्या तोंडून. पुढच्या सोमवारी उद्घाटन, वर्तमानपत्रवाले येणार.

एकच घोळ आहे. मालाची लिफ्ट साडेआठ फुटांची आणि गाडी बारा फुटांची. सुतार म्हणाला, "मधोमध कापा, वर नेऊन लाकडावर टेकवा, खालून कुणाला दिसतंय." पण चौकट कुठे किती जाड, हे बांधणाऱ्यालाच माहीत, भलतीकडे कापली तर सगळी चेपून बसेल. हॉइट व्हर्नन गावात एका पेट्रोल पंपावर आहे असं कळलं. निरोप धाडला. जुन्या ओळखीला चार पैसे मिळाले तर मिळू देत.

१७ नोव्हेंबर, शनिवार

हॉइट आला, सकाळी सातला, आपला गॅसचा बर्नर घेऊन. मागच्या आवारात गाडी ठेवली होती. भोवती एक फेरी मारली. म्हणाला, "कापू नका. चार दिवस द्या, सुटी करतो. चौकट लिफ्टमध्ये तिरकी उभी राहील. नाताळनंतर परत जोडून देतो, धावेल."

मी म्हटलं, "सोमवारी उद्घाटन आहे. आणि धावायचं कुणाला आहे?"

मग तो खाली झोपला, खडूने खूण केली. मीही वाकून बघितलं. त्याने दाराच्या मागे खूण केली होती. तिथे कापलं तर सांताच्या गुडघ्यापाशी भेग दिसणार. मी म्हटलं, पुढे घे, या इथे. तो म्हणाला, "इथे माझं नाव आहे."

बघतो तर खरंच, लोखंडात ठोकलेलं, 'एच. टीग १९४५'. मी म्हटलं, "मग काय झालं? आत आहे. बाहेरून कुठे दिसतं."

तो तसाच पडून राहिला होता, बर्नर छातीवर घेऊन. मला वाटलं आता उठून जाईल. पण पेटवला. खरं सांगतो, काम बघण्यासारखं होतं. नावाच्या मधून सरळ रेघ, कुठे थेंब नाही, कुठे खडबड नाही. गाडी दोन तुकडे होऊन टेकूवर आली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मी त्याला सांगितलं की असं सुबक कापलेलं मी पाहिलं नाही.

पैसे पुढे केले. ते त्याने घेतले नाहीत. म्हणाला, "एक कागद द्या. दोन ओळी. की जूनमध्ये मी तुम्हाला डी सांगितलं होतं. कुबिचेक म्हणतो, तुम्ही लिहून दिलंत तर बंदी उठेल. तुमचं काही जात नाही आता, जाकीट तर गेलंच आहे."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. म्हातारा दिसायला लागलाय. म्हटलं, "हॉइट, मला आठवत असतं तर दिलं नसतं का? न आठवणाऱ्या गोष्टीवर सही कशी करू? आम्ही ऑस्ट्रँडर आहोत." त्याने मान हलवली, बर्नरच्या नळ्या गुंडाळल्या आणि गेला. व्हर्ना खटाऱ्यात बसली होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

दुपारी वर येऊन ही वही चाळली. तसं मनात काही नव्हतं. तर ९ जून. माझ्याच अक्षरात, तीनशे पंधरा, तीनशे पाच, डी, पुन्हा डी. त्याने सांगितलं होतं. अगदी शब्दन् शब्द.

पान फाडायला धरलंही. पण वही शिवलेली आहे, हे फाडलं की समोरचं सुटणार, आणि समोर १० जून आहे. जाकिटाचा दिवस. तसा दिवस पुन्हा आलेला नाही. म्हणून राहू दिलं. नाहीतरी माझ्याखेरीज हे वाचतंय कोण.

एवढ्यात अ‍ॅडेल आत आली. खाली आवारात तिने हॉइटला गाठलं होतं, त्याने सगळं सांगितलेलं दिसलं. दारातच उभी राहून म्हणाली, "लोवेल, मी दिलेली वही लिहितोस ना? जूनमध्ये काय लिहिलंयस ते बघ ना एकदा. त्या माणसाचं सगळं अडलंय."

वही माझ्या हाताखालीच होती. मी म्हटलं, "जूनमध्ये लिहायला झालंच नाही गं. फार काम होतं."

तिने दार ओढून घेतलं आणि गेली. वही खणात ठेवून कुलूप लावतो. सोमवारी डॅडींनी मला भाषण करायला सांगितलंय, वर्तमानपत्रवाले पहिला प्रश्न काय विचारणार ते मला माहीत आहे. उत्तर तयार आहे.